कॅलेंडरच्या पाठीवरचा नकाशा

माणसाने उतारवयात कोणाला रस्ते सांगू नयेत. आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो, ‘वडापासून डावीकडे वळ,’ आणि तो वड रस्तारुंदीकरणात जाऊन दहा वर्षे झालेली असतात. ‘पुढे एक हॉटेल लागेल, तिथला आलुबोंडा चांगला,’ असे म्हणावे, तर हॉटेलवाल्याचा नातू तिथे मोबाईल विकत बसलेला. मला हे सगळे ठाऊक आहे. तरीही गेल्या दिवाळीत माझ्या नातीने, ‘आजी, तुला इथले सगळे रस्ते माहीत आहेत ना?’ असे नुसते विचारले मात्र, मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे सरलेले पान टर्रकन फाडले, चष्मा पुसला आणि पेन्सिल घेऊन बसले.

माझी ही नात पुण्याची. वीस वर्षांची आहे. दिवाळीला आजोळी यायचे म्हणून रेल्वेने वर्ध्याला उतरली आणि तिथून राळेगावला येताना बरोबर काय आणले असेल? एक सायकल! पिशवीत भरलेली! चाके वेगळी, सांगाडा वेगळा. अंगणात बसून तिने अर्ध्या तासात ती जोडली आणि एका बोटावर उचलून दाखवली. नऊ किलो वजन. मी चारी बाजूंनी हिंडून पाहिली. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. किंमत ऐकल्यावर मी म्हटले, “बाई गं, एवढे पैसे मोजून घेतले आणि निम्मीच सायकल दिली की तुला!”

ती पोट धरून हसली. पण मला हसू आले ते निराळ्याच कारणाने. १९७५ साली मी लग्न होऊन या गावात आले, तीही पुण्याहून, अशीच वर्ध्यापर्यंत रेल्वेने, आणि माझ्याही सामानात एक सायकल होती. माहेरच्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर दिलेली अॅटलस कंपनीची लेडीज सायकल, हिरव्या रंगाची. वर्ध्याहून ती एस.टी.च्या टपावर चढली. आमचे हे इथल्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. स्टँडवर उतरताना त्यांनी टपाकडे पाहिले आणि हलकेच विचारले, “ही आपली का?” नव्या नवरीबरोबर ट्रंक येते, शिवणयंत्र येते, हे त्यांना माहीत होते. सायकल येते हे त्यांनी ऐकले नव्हते. गावानेही ऐकले नव्हते.

ती हिरवी सायकल अजून आमच्या ओसरीवर उभी आहे. तिला बनवणारी कंपनी मात्र दमली. साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना बंद पडला तो दिवस होता ३ जून २०२०, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन! असले योगायोग कथालेखकाने लिहिले तर संपादक खोडतील.

असो. नकाशाकडे वळते.

नातीचे म्हणणे असे, की तिला ‘नदीच्या खोऱ्यातले’ रस्ते हवे आहेत. ती शर्यतीत भाग घेत नाही. मूळ फ्रान्समधला एक प्रकार आहे म्हणे: दोनशे किलोमीटर अंतर साडेतेरा तासांच्या आत आपल्याआपण कापायचे. पहिल्या आलेल्याला बक्षीस नाही आणि शेवटून आलेल्याला हसायचे नाही. वेळेत पोचलेले सगळे सारखे. मला ही तऱ्हा फार आवडली. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, पण परीक्षा अशी घ्यावी हे काही आम्हाला सुचले नाही.

पानाच्या वरच्या अंगाला मी आधी नदी काढली. आमची वर्धा नदी. ती उगम पावते तिकडे मध्यप्रदेशात, बैतुल जिल्ह्यात मुलताईजवळ, सातपुड्यात. तिथून ती खाली येते, यवतमाळ आणि वर्धा या दोन जिल्ह्यांमधून त्यांची शीव होऊन वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. नकाशावर ही एक निळी रेघ आहे. पण आमच्या बाजूला ती नुसती नदी नाही. १८०३ साली देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. त्यामुळे राळेगाव वऱ्हाडात आणि समोरचा हिंगणघाट नागपूर प्रांतात! पुढे १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले, तेव्हा ती शीव कागदावरून गेली. बोलण्यातून गेली नाही. “पोरगी नदीपल्याड दिली,” असे कोणी म्हटले, की अजूनही बोलणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो. अंतर म्हणाल तर एक घटका सायकल हाणावी इतके.

मग मी पहिला रस्ता काढला, कळंबचा. हा पश्चिमेला जातो. आमच्या हिशेबाने बारा-तेरा मैल, नातीच्या हिशेबाने वीसेक किलोमीटर. दोन्ही अंगांना पऱ्हाटी आणि तिच्या ओळींत मधूनमधून तूर. दिवाळीच्या सुमारास इकडे यावे. बोंडे फुटलेली असतात, सकाळच्या उन्हात सगळे रान दूध उतू गेल्यासारखे दिसते. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग बायका ओट्यात कापूस भरू लागतात. कळंबला चिंतामणी गणपती आहे. बाकीच्या देवांना पायऱ्या चढून जावे लागते, ह्या देवाला पायऱ्या उतरून, कारण देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. आत कुंड आहे. बारा वर्षांनी केव्हातरी कुंडाचे पाणी वर चढून देवाच्या पायांना लागते, असे सांगतात. मी पाहिलेले नाही. पण सायकलवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला त्या गार पायऱ्यांवर बसायला मिळते, एवढे माझ्या अनुभवाचे आहे. आणि आता तिथे रेल्वेही आली. वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. मी नातीला म्हटले, “पुढच्या वेळी कळंबला उतर. पिशवी थोडी कमी वाहावी लागेल.”

दुसरा रस्ता वडकीचा, पूर्वेला. हा नीट आहे, पण ह्याच्यावर जीव रमत नाही, कारण शेवटी तो राष्ट्रीय महामार्गाला जाऊन मिळतो. पूर्वी त्याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, देशातला सर्वांत लांब रस्ता. आमच्या शाळेतल्या मुलींना मी भूगोल शिकवताना म्हणत असे, वडकीला राळेगावकडून जाऊन उभ्या राहा. डावा हात केला की काश्मीर, उजवा हात केला की कन्याकुमारी! पाठ्यपुस्तकातल्या साऱ्या नकाशांनी जे होत नाही ते ह्या एका वाक्याने होई. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, ‘भारत जोडो’ म्हणत. पोरेपोरी सायकलींवर, आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत निजून. बाबांचा जन्म नदीपल्याडच्या हिंगणघाटचा, म्हणून आम्हाला त्याचे जास्तच अप्रूप. ‘त्यात पोरीही आहेत,’ हे मी वर्गात तीनतीनदा सांगितले. का सांगितले ते पुढे येईलच.

वडकीहून डावीकडे गेले की वडनेरच्या अलीकडे नदीवरचा पूल लागतो. पुलावर थांबावे, पण कठड्याला चिकटून. तिथल्या ट्रकांना सायकल दिसत नाही, आणि दिसली तरी पटत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे एक रस्ता नव्हेच. नदीच्या काठाने गावे आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणारे लहान डांबरी रस्ते आणि पांदणी आहेत. माझे खरे प्रेम ह्यांच्यावर. ह्या काळ्या मातीची एक गंमत आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसाची एक सर आली, की तीच माती चाकाला असा लोळा धरते, की शंभर पावले गेल्यावर सायकल तुम्हाला घेऊन जात नाही, तुम्हीच तिला घेऊन जाता. मडगार्डमध्ये चिखल ठासून बसे. तो काढायला मी कॅरिअरला एक लाकडी काटकी कायमची बांधून ठेवली होती. नातीच्या निम्म्या सायकलीला मडगार्ड का नाही, ह्याचा उलगडा मला इथे झाला आणि मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. शिवाय बाभळीचे काटे. इकडच्या बाभळीचा काटा टायरला मान देत नाही. नाल्यांवर रपटे आहेत. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहते, तेव्हा ‘घोट्याएवढेच तर आहे’ असे म्हणू नये, परत फिरावे. हे मी नकाशाच्या समासात ठळक लिहिले. बाभूळगावकडे बेंबळा नदीला धरण झाल्यापासून इकडे कालवे आले आहेत, आणि त्यांच्या कडेची सडक सपाट, रहदारी नसलेली असते. नातीने त्यावर लगेच खूण केली.

तर असा नकाशा झाला. वर नदी, डावीकडे कळंब, उजवीकडे वडकी, मधे राळेगाव, आणि जाळ्यासारख्या बारीक रेघा. नातीने पान हातात घेतले, डोळ्यांसमोर धरले आणि खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवले.

“आजी, इथे काय आहे?”

“काही नाही. जंगल आहे.”

“पण मोबाईलवर तर इथे रस्ता दिसतोय. बोराटी, सराटी, लोणी... छान वळणावळणाचा आहे. हा नाही सांगितलास?”

मी म्हटले, “राहिला.” आणि उठून चहा ठेवायला आत गेले.

खरे म्हणजे तो राहिला नव्हता. सगळ्या रस्त्यांत मला तोच जास्त पाठ आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा गावोगावच्या शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत होत्या. पुढे शिकायचे तर राळेगावला यावे लागे. मुलगे येत. कोणी चालत, कोणी बापाच्या दांडीच्या सायकलीवर हाफ पायडल मारत. मुलींचे दप्तर सातवीला माळ्यावर जाई. म्हणून रविवारी मी माझी हिरवी सायकल काढून गावांमधून हिंडू लागले. शाळेने सांगितले नव्हते, पगारात त्याचे पैसे नव्हते, हौस म्हणा. ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, आणि बापाला म्हणायचे, पोरीला सायकल घेऊन द्या, मी तिच्याकडे लक्ष देते. सायकल तर त्याला समोर दिसतच होती, आणि तिच्यावरून आलेली बाईही. एका बापाने सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळून झाली, आणि मग तो म्हणाला, “बाई, तुमची पोरगी असती तं तुमी धाडली असती काय या रस्त्यानं?”

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मी ठणकावून सांगितले, “सगळ्यांच्या आधी धाडली असती!”

पोर तीन वर्षांची असताना असली उत्तरे फार सोपी असतात.

पण त्याने धाडली. त्याच्या पोरीबरोबर शेजारच्या दोघी आल्या, दुसऱ्या वर्षी पाच. जंगलाच्या कडेच्या त्या गावांतून, कोलामांच्या पोडांवरून, सागाच्या सावलीतल्या त्या रस्त्याने सकाळी घंट्या वाजवत येणाऱ्या पोरींची रांग मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून मोजत असे. मोठी मोठी माणसे ह्या गोष्टीबद्दल पुष्कळ बोलली आहेत. अमेरिकेतल्या सुझन अँथनी बाईंनी १८९६ सालीच म्हणून ठेवले, की बायकांना मोकळे करण्यात सायकलीइतका वाटा कशाचाच नाही. १९९१ च्या सुमाराला तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीतून हजारो बायका सायकल शिकल्या. मी निवृत्त झाल्यावर आपल्या सरकारनेही मनावर घेतले आणि मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. मला हे वाचून बरे वाटे. पण खरे सांगू का, त्या तंबाखू मळणाऱ्या बापाच्या तोंडून निघालेला ‘बरं, धाडतो’ मला ह्या सगळ्यांहून मोठा वाटतो.

त्याची ती पोरगी दहावी झाली, त्याच भागात दिली, तिला मुले झाली. तिची मुलगी मोठी झाली, तीही सायकलवर राळेगावला येऊ लागली. सरकारी योजनेतली सायकल, पुढे टोपली असलेली. मी तोवर निवृत्त होऊन घरी बसले होते. तरी ती पोर बाजाराच्या दिवशी घंटी वाजवून ‘आजीबाई’ म्हणून हाक मारून जाई.

आणि मग वाघीण आली.

२०१६ पासून आमच्या तालुक्यात आणि पांढरकवड्याकडे माणसे मरू लागली. गुराखी, शेतकरी, शेतात गेलेल्या बायका. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मरणाचा बोल तिच्यावर आला. वनखात्याच्या कागदांत तिचे नाव टी-१, वर्तमानपत्रांत अवनी. तिला दोन बछडे होते. तिला धरण्यासाठी काय नाही आणले? कॅमेरे आणले, हत्ती आणले. त्यातला एक हत्ती सुटला आणि त्याच्यापायी आणखी एक बाई गेली. इटालियन जातीचे कुत्रे आणले, एका परदेशी अत्तराच्या वासाने वाघ येतो म्हणून ते अत्तरही शिंपडले. गावांत दिवस मावळायच्या आत दारे लागू लागली. पऱ्हाटी फुटली, पण वेचायला घोळक्याशिवाय कोणी जाईना. शेताच्या राखणीला रात्री कोण जाणार? डुकरांनी उभे पीक लोळवले. हे वाचणाऱ्याला बातमी असते. ज्याच्या कर्जाची मुदत त्या कापसावर असते, त्याला ती बातमी नसते.

२०१८ च्या सप्टेंबरात एका बाजाराच्या दिवशी माझी ती जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. पिशवी खाली ठेवून ओसरीच्या खांबाला टेकून बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “बाई, पोरगी नववीत हाय. सायकलनं जातो म्हणते. तिचा बाप नाई म्हणते. मले काई समजून नाई रायलं. तुमीच सांगा, धाडू का नको?”

ओसरीच्या कोपऱ्यात माझी हिरवी सायकल उभी होती. ती एकदा माझ्याकडे पाही, एकदा सायकलकडे.

मी काय सांगायला हवे होते? पाचजणींना मिळून पाठवा? बसचे पाहा? कोणाकडे तरी ठेवा? पोरीला माझ्याकडे ठेव, माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत? हे शेवटचे मला सुचले ते ती गेल्यावर, रात्री, अंथरुणावर. तिच्यासमोर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. “नको.”

ती “बरं” म्हणाली. तिच्या बापाने चाळीस वर्षांपूर्वी म्हटले होते तसेच, त्याच आवाजात. पिशवी उचलून गेली.

२ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघिणीला गोळी घातली. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. आमच्या इकडच्या गावांत ती त्याच रात्री सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पुण्याहून माझ्या ह्या नातीचा फोन आला. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. शाळेत तिने वाघिणीचे चित्र काढले होते, खाली दोन बछडे. रडत होती. “आजी, तू वाघिणीच्या बाजूची आहेस ना?” मी तिला म्हटले, “बाळ, मी आधी ज्वारीचे पीठ मळते आहे, मग बोलू.” आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. शहरात मेणबत्त्या लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यांचे सगळेच चूक होते असे मी म्हणत नाही. दोन पोरक्या बछड्यांचे वाईट मलाही वाटले. पण चित्र काढणाऱ्या माझ्या नातीची शाळा एक दिवसही बुडली नव्हती, हेही मला त्या पिठात हात असताना वाटून गेले.

माझ्या विद्यार्थिनीची पोर मात्र घरी राहिली ती राहिलीच. भीती गेली, पण तोवर चार महिने गेले होते, गणित सुटले होते, घरात तिच्या हाताला कामे लागली होती. जूनमध्ये बापाने नाव घातले नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले, वणीकडे दिली. तिची आई बाजाराला आली की अजून माझ्या ओसरीवर बसते, पाणी पिते, सुखदुःख सांगते. त्या दिवसाबद्दल तिने आजवर एक अक्षर काढलेले नाही. काढते तर बरे होते.

हे सारे मी त्या रात्री चहा गार होईपर्यंत नातीला सांगितले. तिने मधे एकदाही मोबाईलकडे पाहिले नाही. शेवटी म्हणाली, “त्या मावशी अजून तिथेच असतात?”

“तिथेच.”

“मग उद्या मी तिकडेच जाते.”

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन. हीच ती तीन वर्षांची, सगळ्यांच्या आधी धाडली जाणारी! “आई, तिला एकटीला कुठे सोडू नकोस हं. आणि जंगलात तर मुळीच नाही. सांग तिला तू.” मी ‘हो हो’ म्हटले. मग नातीजवळ गेले आणि सांगायला तोंड उघडले. तिची काळजी करण्याची सगळी कारणे माझ्याजवळ होती. रस्ता सुनसान, फोनला रेंज नाही, टायरला काटे, आणि वाघ काय एकच होता? टिपेश्वरचे अभयारण्य लांब थोडेच आहे! सगळी कारणे खरी होती. २०१८ मध्येही खरी होती. १९७८ मध्येही त्या बापाजवळ होतीच की.

मी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या जागेत रेघ काढली. कुठे चढ आहे, कोणत्या वळणावर खडी सुटते, विहीर कुठे, हे लिहिले. समासात लिहिले: ‘सूर्य वर आल्यावर निघणे. चारच्या आत परत. बायका जिथे थांबू नको म्हणतील तिथे थांबू नये.’

ती सकाळी साडेसातला निघाली. मुलीने माझ्या मोबाईलवर एक सोय करून दिलेली आहे, नात कुठे आहे ते निळ्या ठिपक्याने दिसते. ही सोय ज्याने शोधून काढली त्याला नातवंडे नसावीत. पूर्वी माणूस गेले की संध्याकाळपर्यंत गेलेले असे. आता ते दर मिनिटाला जाते. मी दिवाणावर बसून तो ठिपका पाहत राहिले. शंकरपाळ्यांचा घाणा करपला. साडेनऊला ठिपका थांबला. पावणेदहाला तिथेच. सव्वादहाला तिथेच. दोन्ही बाजूंना जंगल दाखवीत होते. मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. माझे हात कापू लागले, हे लिहायला लाज वाटते. आणि मुलीला काय सांगणार, हा विचार नातीच्या काळजीच्याही आधी आला, हे लिहायला त्याहून जास्त.

साडेदहाला फोन वाजला. नंबर अनोळखी.

“बाई, तुमची नात माह्या ओसरीत बसून हाय. काटा गेला चाकात. पोरगा पंक्चर काढून रायला.”

मी देवाचे नाव घेतले. ती थोडे थांबली.

“एकटी धाडली तुमी तिले?”

मी “हो” म्हटले.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. कोंबड्यांचा आला, आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवल्यावर येतो तसला.

“बरं,” ती म्हणाली. “जेवू घालून धाडतो.”

नात साडेतीनला परतली. गुडघ्यापर्यंत धूळ, आणि पाठीवरच्या तिन्ही खिशांत जंगलातली सीताफळे, त्यांतली दोन फुटून तिचा सदरा चिकट झालेला. निम्म्या सायकलीला कॅरिअर नसला म्हणजे असे होते. अंगणात बसून ती हात धूत होती आणि बोलतच होती: ठेचा किती तिखट, मावशींची भाकर केवढी, सागाची पाने हातापेक्षा मोठी. मग एकदम म्हणाली, “आजी, त्यांची मुलगी परवा भाऊबीजेला माहेरी येतेय. माझ्याशी फोनवर बोलली. म्हणाली, नदीचा रस्ता मी कधी पाहिलाच नाही, शाळेपर्यंतचाच तेवढा माहीत आहे. मी म्हटलं, आपण दोघी जाऊ.”

“तिची सायकल आहे का अजून?”

“आहे, पण तिच्यावर तिचा भाऊ दूध घालतो रोज.” तिने ओसरीकडे मान वळवली. “ती हिरवी चालेल का गं?”

मी म्हटले, “वाल्टूब कुजली असेल. आधी ती बघ.”